भोरड्यांचा थवा : पक्षी, नाव आणि राखण

१

बोलीतील शेतीविषयक शब्द गोळा करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास गेली काही वर्षे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हिंडण्याचा योग आला. अशाच एका फेरीत, डिसेंबरच्या अखेरीस, येडगाव धरणाच्या फुगवट्यालगत एका बांधावर आम्ही आठ-दहा जण उभे होतो. दिवस मावळतीस आला होता. पूर्वेकडून पंधरा-वीस पाखरांची एक टोळी आली व तारांवर बसली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. थोड्याच वेळात तारा वाकल्या, बाभळीचे शेंडे काळे पडले, आणि कोणीतरी खूण करावी त्याप्रमाणे ती सारी पाखरे एकदम उठली. आभाळात एक पट्टा तयार झाला. तो कधी आखडून गोळा होई, कधी पदरासारखा लांब पसरे; मध्येच विरळ होऊन दिसेनासा होई आणि दिशा पालटताच पुन्हा गडद होई. डोक्यावरून जाताना पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा ऐकू आला. अखेर तो पट्टा पाण्याकाठच्या दाट बाभळींवर उतरला. तेथे बराच वेळ कलकलाट चालला, आणि अंधार पडताच तो बंद झाला.

बरोबरच्या विद्यार्थ्यांना मी विचारले, “हे पक्षी कोणते?” एकाने मैना म्हटले, दुसऱ्याने साळुंक्या म्हटले. तिसऱ्याने परदेशी चित्रफितींत ऐकलेला ‘मर्मरेशन’ हा शब्द सांगितला. ही मुले शेतकऱ्यांचीच होती. पैकी दोघे याच तालुक्यातील. शेताच्या मालकांच्या वृद्ध मातोश्री गोठ्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी वरही न पाहता, नुसत्या आवाजावरून उत्तर दिले : “भोरड्या हाएत त्या. पर आता कशाला येत्यात कुनास ठावं. जुंधळाच ऱ्हायला न्हाई.” आणि पुढे जाता जाता म्हणाल्या, “गुरुजी, पोरांना घिऊन बिगीनं निघा. उसाची कड हाय, जनावर असतंय.”

या दोन वाक्यांत प्रस्तुत लेखाचा विषय सामावलेला आहे. पक्षी आहे, थवा आहे, संध्याकाळही आहे. परंतु त्याचे नाव एका पिढीच्या तोंडी आहे आणि पुढच्या पिढीच्या तोंडी नाही. असे का व्हावे, याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम हा पक्षी कोणता, तो थव्याने का व कसा उडतो, आणि त्याच्या नावाभोवती कोणते व्यवहार उभे होते, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

२

भोरडी ही साळुंकीच्या कुळातील, आकाराने तिच्याहून किंचित लहान. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे डोके, पंख आणि शेपूट तकतकीत काळे, पाठ व पोट गुलाबी, आणि डोक्यावर मागे झुकलेला तुरा. हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळकट दिसतो. लहान पक्षी मातकट रंगाचे, पिवळसर चोचीचे असतात. त्यामुळे एकाच थव्यात दोन जाती मिसळल्या आहेत, असा नवख्याचा समज होतो.

हा पक्षी आपल्याकडे घरटे करीत नाही. त्याची वीण पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत, दगडांच्या राशींत आणि कपारींत, मोठ्या वसाहती करून होते. विणीचा काळ आणि त्या प्रदेशातील टोळांच्या व नाकतोड्यांच्या बहराचा काळ एकच. पिलांचे पोषण मुख्यतः त्यांच्यावरच होते. ही वीण उरकताच, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, भोरड्या वायव्येकडून भारतात उतरू लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. पाहुण्या पक्ष्यांत लवकर येणारी आणि उशिरा जाणारी अशी ही जात आहे. वर्षाचा अधिक काळ ती आपल्या देशात काढते, हे लक्षात घेता तिला केवळ पाहुणी म्हणणेही काहीसे अन्यायाचेच.

या एका पक्ष्यास किमान चार नावे आहेत, आणि ती चारही त्याच्याकडे पाहण्याच्या चार निरनिराळ्या दृष्टींची द्योतक आहेत. ‘भोरडी’ हे शेतकऱ्याचे नाव. त्याची घडण ‘कातडे’, ‘आतडे’ या शब्दांच्या ठेवणीची आहे. हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात नोंदलेला जो स्वार्थिक ‘ड’, तो मराठीत अशा घरगुती शब्दांतून अद्याप नांदतो. व्यवहारात हे नाव बहुधा अनेकवचनी ऐकू येते : ‘भोरड्या आल्या’, ‘भोरड्या पडल्या’. एकटी भोरडी शेतकऱ्याच्या हिशेबी नसते. त्यातही ‘पडणे’ हे क्रियापद ध्यानात घेण्याजोगे आहे. धाड पडते, टोळ पडतात, तशा भोरड्या पडतात.

दुसरे नाव ‘पळसमैना’. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली, म्हणजे हेच पक्षी त्या फुलांतील मधासाठी झाडांवर गर्दी करतात, आणि त्यांच्या कपाळाला पराग माखलेला दिसतो. ज्याने त्यांना कणसावर न पाहता फुलावर पाहिले, त्याचे हे नाव. तिसरे ‘गुलाबी मैना’. हे उघडच पुस्तकातून आलेले, शास्त्रीय नावातील रंगवाचक पदाचे भाषांतर. चौथे ते शास्त्रीय नाव, ‘पॅस्टर रोझियस’. यांतील ‘रोझियस’ हे विशेषण लिनिअसने १७५८ साली दिलेले. ‘पॅस्टर’ ही प्रजातीची संज्ञा डच पक्षितज्ज्ञ टेमिंक याने १८१५ साली योजिली. लॅटिनमध्ये ‘पॅस्टर’ म्हणजे मेंढपाळ. चरणाऱ्या गुरामेंढरांच्या पायांनी गवतातून जे किडे उठतात ते टिपण्यासाठी हे पक्षी कळपाच्या मागे-पुढे चालतात, म्हणून हे नाव. आमच्या माळावर धनगराच्या कळपाबरोबर उतरलेली भोरडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे लॅटिन नाव मुळीच परके वाटणार नाही.

शेतकरी म्हणतो चोर, रान म्हणते फुलावरचा पाहुणा, पुस्तक म्हणते रंग, आणि शास्त्र म्हणते मेंढपाळ. एकाही नावात पक्षी पुरता येत नाही. पण प्रत्येक नावात त्याच्याशी असलेला माणसाचा एक एक संबंध येतो. नाव हे वस्तूचे चित्र नसून संबंधाची नोंद आहे, हा मुद्दा पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

३

आता थव्याकडे वळू. ‘थवा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘स्तबक’ या शब्दाशी जोडता येते. स्तबक म्हणजे फुलांचा गुच्छ. आद्य ‘स्त’चा ‘थ’, स्वरमध्य ‘ब’चा ‘व’, आणि ‘क’चा लोप, हे तिन्ही बदल प्राकृतात नित्याचे. म्हणजे ज्या शब्दाने एके काळी एका देठाशी बांधलेली फुले दाखविली, त्याच शब्दाने आज आकाशात एकत्र उडणारे पक्षी दाखविले जातात. गुच्छाला देठ असतो. थव्याला काय असते, हा खरा प्रश्न आहे.

संध्याकाळी भोरड्या एकत्र का जमतात, याची काही कारणे मानली जातात. पहिले संरक्षणाचे. एकटे पाखरू ससाण्याच्या नजरेस पडले तर त्याची सुटका अवघड. हजारांत असले तर त्याच्यावरच झडप पडण्याचा संभव अगदी थोडा, आणि सतत आकार बदलणाऱ्या समूहात एकच भक्ष्य नजरेत धरून ठेवणे शिकाऱ्यासही कठीण. दुसरे कारण उबेचे : थंडीच्या रात्री दाट झाडीत एकमेकांजवळ बसल्याने वारा कमी लागतो. तिसरे कारण वॉर्ड आणि झहावी या दोन संशोधकांनी १९७३ साली पुढे मांडले. रातथारा हे बातमीचे ठिकाण असते, असे त्यांचे म्हणणे; ज्या पाखरांना आदल्या दिवशी भरपूर चारा मिळाला नाही, ती सकाळी पोट भरून आलेल्यांच्या मागे जातात. ही कल्पना सर्वच जातींना सारखी लागू पडते असे नाही. तथापि आठवडेबाजाराला जाणाऱ्या कोणासही ती पटण्यासारखी आहे. येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक भेद सांगितला पाहिजे. बातमी मिळणे वेगळे आणि बातमी सांगणे वेगळे. एक पाखरू दुसऱ्याच्या उड्डाणावरून चाऱ्याची दिशा ओळखते, यावरून पहिले दुसऱ्याशी ‘बोलले’ असे ठरत नाही.

याहून अवघड प्रश्न, हा थवा वळतो कसा, हा होय. हजारो पक्षी एकाच क्षणी दिशा पालटतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत, हे पाहून इंग्लंडमधील एडमंड सेलूस या पक्षिनिरीक्षकाने १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात विचारसंक्रमणाची शंका व्यक्त केली होती. पाखरांचे विचार एकाच वेळी एकमेकांत पोहोचत असावेत, असे त्यास वाटले. त्या काळी दुसरा खुलासा उपलब्ध नव्हता. १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने कृत्रिम पाखरांना तीनच नियम दिले : शेजाऱ्यावर आदळू नये, शेजाऱ्याच्या दिशेने उडावे, आणि शेजाऱ्यांपासून फार दूर जाऊ नये. तेवढ्यावर संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब थवा उडू लागला. नायक नाही, आज्ञा नाही, संपूर्ण थव्याचा आराखडा कोणा एकाच्या डोक्यात नाही. तरीही थवा आहे.

प्रत्यक्ष पक्ष्यांचे मोजमाप त्यानंतर झाले. रोम शहरात हिवाळ्यात युरोपीय मैनांचे प्रचंड थवे उतरतात. ही मैना भोरडीच्याच कुळातील. तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी मुख्य रेल्वे-स्थानकाजवळच्या एका संग्रहालयाच्या छपरावरून एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेऊन प्रत्येक पाखराचे अवकाशातील स्थान निश्चित केले. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, प्रत्येक पाखरू आपल्या जवळच्या साधारण सहा-सात शेजाऱ्यांशी जुळवून घेते. अमुक हातांच्या आत जितके असतील तितक्यांशी नव्हे, तर अंतर कितीही असो, जवळच्या सहा-सातांशी. म्हणूनच थवा विरळ झाला तरी तुटत नाही आणि दाट झाला तरी गोंधळत नाही. या संशोधनात सहभागी असलेले ज्योर्जो पारिसी यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते अव्यवस्थित वाटणाऱ्या भौतिक रचनांतील नियम शोधल्याबद्दल होते.

तेव्हा थव्याचा देठ म्हणजे हे सहा-सात शेजारी. ते असेपर्यंत थवा आहे.

विद्यार्थ्याने सांगितलेल्या ‘मर्मरेशन’ या शब्दाविषयीही येथेच सांगून ठेवतो. युरोपीय मैनांच्या समुदायास हे नाव इंग्रजीत जुने आहे. १४८६ साली छापलेल्या शिकारविषयक एका इंग्रजी ग्रंथातील समूहवाचक नामांच्या यादीत ते आढळते. लॅटिन ‘मुर्मुर’ आणि आपल्या ‘मर्मर’ या शब्दांत ध्वनीचे अनुकरण सारखेच. अमरकोशात मर्मर हा पानांचा आणि वस्त्रांचा आवाज सांगितला आहे. इंग्रजी शब्द आवाजावरून निघाला, मराठी शब्द आकारावरून. तो परका शब्द वापरण्यात पाप नाही. परंतु ‘भोरड्यांचा थवा’ या दोन शब्दांत जात आणि समूह दोन्ही येतात, हे त्या विद्यार्थ्यास सांगावे लागले, याची खंत वाटली.

४

शेतकऱ्यास हा थवा पाहण्याची हौस नव्हती, गरज होती. भोरडीचे येणे बाजरीच्या दिवसांत सुरू होते आणि शाळूच्या, म्हणजे रब्बी जोंधळ्याच्या दिवसांत तिचा उपद्रव भर धरतो. जोंधळ्याचे पीक पोटरीत येते, निसवते, फुलोरा धरते, मग दाण्यात चीक भरतो, पुढे हुरडा होतो आणि शेवटी दाणा पक्का होतो. या प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याचे कारण केवळ पिकाचे कौतुक हे नव्हे. चीक भरल्यापासून दाणा पक्का होईपर्यंतचा काळ पाखरांचा असतो; म्हणून तो काळ ओळखता येणे आणि त्याचे नाव घेता येणे आवश्यक होते.

त्या काळात ‘राखण’ बसे. शेताच्या मध्यभागी चार मेढी रोवून, त्यांवर फाट्या व कडबा अंथरून, कणसांच्या वर डोके निघेल इतका उंच ‘माळा’ बांधीत. त्यावर बहुधा घरातील मुले, मुली किंवा म्हातारी माणसे बसत. पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी माळ्यावर जावयाचे, कारण रातथाऱ्यावरून उठलेले थवे पहिल्याप्रथम जवळच्या शेतावर पडत. आणि दिवस मावळेपर्यंत उतरावयाचे नाही, कारण परतीच्या वाटेवर ते पुन्हा पडत. राखणदाराचा दिवस घड्याळाने नव्हे तर भोरडीच्या दिनक्रमाने बांधलेला असे. कोणत्या बाभळवनात थवे बसतात, तेथून कोणत्या शिवारावरून ते जातात, वारा असला म्हणजे वाट कशी बदलते, हे माळ्यावरच्या पोरास ठाऊक असे. आज कॅमेरे लावून जे निरीक्षण करतात, त्यातील बरेचसे हातात गोफण घेऊन होत होते.

गोफण हा शब्दही पुराणा आहे. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधावयाच्या पट्ट्यांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत ‘गोफणा’ हा एक आहे. मध्ये रुंद आणि दोन्ही बाजूंस निमुळती अशी ती पट्टी गोफणीच्या आकारावरून ओळखली जाई. म्हणजे पाखरे हाकण्याचे हे साधन त्या काळी इतके परिचित होते की वैद्यास उपमेसाठी तेच सुचावे. गोफणीत घालावयाचा दगड किंवा वाळविलेला मातीचा गोळा तो ‘गुंडा’. ‘गोफणगुंडा’ हा शब्द पुढे सणसणीत उत्तराच्या अर्थी लेखनातही रूढ झाला. राखणीचे जुनेपण याहूनही मागे नेता येते. नाणेघाटातील सातवाहनांचा प्राकृत लेख याच जुन्नर तालुक्यातील. आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत पिकाने भरलेली शेते आहेत, शेतावरची माणसे आहेत, आणि आभाळातून खाली उतरणाऱ्या पोपटांच्या ओळीचे एक विख्यात चित्रही आहे. त्या ओळीसाठी गाथाकाराने योजलेला ‘रिंछोली’ हा देशी शब्द मराठीत उरला नाही. शब्द जातात, हे नवे नाही. जाताना ते काय घेऊन जातात, एवढेच पाहावयाचे असते.

राखणीमुळे शेतकऱ्यास भोरडी केवळ शत्रू म्हणून दिसे, असेही नाही. तीच भोरडी नांगरटीमागे चालून किडे खाते, नाकतोडे वेचते, वड-पिंपळाची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकते. डॉ. सलीम अली यांनी आपल्या लेखनात या पक्ष्याची ही दुहेरी भूमिका स्पष्ट केली आहे : उभ्या जोंधळ्याला तापदायक, पण टोळांचा मोठा संहारक. पश्चिम चीनमधील शिंजियांग प्रांतात तर या पक्ष्याने टोळ खावेत म्हणून त्याच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचतात. तेथे दगड रचला जातो तो भोरडी यावी म्हणून. आमच्याकडे दगड गोफणीत घातला गेला तो ती जावी म्हणून. पक्षी एकच, विणीच्या काळी तो त्यांच्या कामाचा, आणि हुरड्याच्या काळी आमच्या नुकसानीचा.

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या कोरड्या पठारापर्यंत पसरलेले. पश्चिमेकडील खोऱ्यांत भात आणि नाचणी, पूर्वेकडे बाजरी आणि जोंधळा, अशी पूर्वीची वाटणी होती. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी ती बदलली. कालव्यांच्या पाण्यावर ऊस आला. नारायणगावच्या परिसरात टोमॅटो आणि द्राक्ष, मंचरच्या बाजारात कांदा आणि बटाटा. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, मुले शिकली. हे सर्व इष्टच झाले. माळ्यावर बसलेल्या पोरास शाळेत जाता येत नव्हते, हे विसरून राखणीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु जोंधळा मागे सरला तशी राखण गेली. राखण गेली तसा माळा गेला, गोफण गेली, आणि संध्याकाळी आभाळाकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. उसाने आणखी एक गोष्ट केली. दाट, उंच आणि वर्षभर उभ्या असणाऱ्या या पिकात बिबट्यास आसरा मिळाला. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल. दिवेलागणीस शेताच्या बांधावर उभे राहणे आता शहाणपणाचे मानले जात नाही. त्या वृद्ध बाईंनी बिबट्याचे नाव न घेता ‘जनावर’ म्हटले; भयप्रद प्राण्याचे नाव टाळण्याची ही रीत जुनी आहे. एकाच संवादात एका प्राण्याचे नाव भीतीपोटी टाळले गेले आणि एका पक्ष्याचे नाव, ऐकणाऱ्यांना माहीत नसल्याने, समजावून सांगावे लागले.

आंबेगाव तालुक्याची एक गोष्ट येथे तुलनेस घेण्यासारखी आहे. ज्या गावावरून तालुक्यास हे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे. गाव गेले, नाव मात्र कागदोपत्री, पाट्यांवर आणि माणसांच्या तोंडी पक्के राहिले. भोरडीच्या बाबतीत नेमके उलटे घडत आहे. पक्षी दरवर्षी ठरल्या वेळी येतो, त्याचा थवा त्याच आभाळात उडतो. नाव मात्र जात आहे. वस्तू नाहीशी झाल्यावर शब्द नाहीसा होतो, असे आपण सामान्यतः समजतो. ही दोन उदाहरणे त्या समजुतीस पुरेसा छेद देतात. शब्दाचे आयुष्य वस्तूवर अवलंबून नसून तो शब्द ज्या व्यवहारात उच्चारला जातो त्या व्यवहारावर अवलंबून असते. आंबेगाव हा शब्द सातबाराच्या उताऱ्यावर रोज लिहावा लागतो. भोरडी हा शब्द उच्चारण्याचे निमित्त राखणीबरोबर संपले.

येथे थव्याचा दृष्टान्त उपयोगी पडतो. पुरावा म्हणून नव्हे, केवळ समजण्यासाठी. भाषाही कोणा नायकाच्या आज्ञेने चालत नाही. माणूस शब्द शिकतो तो आपल्या जवळच्या थोड्या माणसांकडून : आई, आजी, सोबती, बरोबर काम करणारे गडी. संपूर्ण मराठी भाषेशी कोणाचाही संबंध येत नाही. येतो तो या सहा-सात शेजाऱ्यांशी. माळ्यावरच्या पोरास ‘भोरड्या आल्या’ ही हाक शेजारच्या माळ्यावरून ऐकू येई आणि तो ती पुढच्या माळ्यास देई. माळे उतरले, हाक थांबली. मराठी बोलणाऱ्यांची संख्या कोट्यवधी असो, त्या एका शब्दापुरता थवा विरळ झाला नाही, तो तुटला. म्हणूनच भाषा सुरक्षित आहे या समाधानात राहून तिच्यातील एखादे संपूर्ण दालन एका पिढीत रिकामे होऊ शकते.

यात गमावले काय, असे कोणी विचारील. पुस्तकात ‘गुलाबी मैना’ हे नाव आहे, ते पुरेसे नाही काय? ओळख पटविण्यापुरते ते पुरेसे आहे. परंतु ‘गुलाबी मैना’ म्हणणाऱ्यास ती चिकात पडते, हुरड्यात पडते, पहाटे आधी जवळच्या शेतावर येते, हे त्या नावाबरोबर मिळत नाही. आज द्राक्षबागांवर पाखरांसाठी जाळी पसरावी लागते. ज्या बागाइतदाराच्या आजोबांस थव्याची वाट आणि वेळ तोंडपाठ होती, त्यास आज ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. आणि नाव नसलेल्या पाखराच्या रातथाऱ्याची बाभूळ तोडताना कोणाचा हात अडखळत नाही.

६

प्रस्तुत लेखकाच्या मते यावरून शब्दसंग्राहकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, शब्द विचारावयाचा तो ऋतूत आणि जागेवर. उन्हाळ्यात ओसरीवर बसून ‘पाखरांची नावे सांगा’ असे विचारले, तर चिमणी, कावळा, पोपट याच्या पुढे यादी जात नाही. तोच प्रश्न पौषात, थवा डोक्यावरून जात असताना विचारला, तर नावाबरोबर त्याची सारी हकीकत येते. दुसरी, नाव एकटे टिपू नये. ते कोणत्या क्रियापदाबरोबर येते, कोण ते वापरतो आणि कोणत्या कामात, हे त्याच्याशेजारी लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची प्रादेशिक नावे जमवून कोशाचे मोठे काम केले. त्या नावांमागील व्यवहारांची नोंद करणे हे पुढील काम आहे, आणि ते भाषेच्या अभ्यासकांचे आहे.

काम अद्याप हाताबाहेर गेलेले नाही. आंबेगावच्या पूर्व भागात, लोणी-धामणीकडील कोरडवाहू शिवारात, शाळूचे फड अजून उभे राहतात, आणि त्या बाजूस ‘भोरड्या’ हा शब्द विचारल्यावाचून कानी पडतो. त्या डिसेंबरनंतरच्या फाल्गुनात आम्ही पुन्हा त्या बाजूस गेलो. पळस फुलला होता. आमच्याबरोबर तोच विद्यार्थी होता. झाडाकडे बोट दाखवून तो एका शाळकरी मुलाला म्हणाला, “ह्या भोरड्या. चैत्रात जातील.” शब्द एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला; थवा असाच बनतो.

आपल्या परिसरात या पक्ष्यास कोणते नाव आहे, तो कोणत्या महिन्यात येतो, आणि राखणीसंबंधी कोणते शब्द अद्याप बोलण्यात आहेत, हे वाचकांनी, विशेषतः ग्रामीण भागातील शिक्षकांनी, विभागाकडे अवश्य कळवावे. कळविताना ज्यांच्या तोंडून शब्द ऐकला त्यांचे वय आणि त्यांनी तो ज्या वाक्यात वापरला ते वाक्य जसेच्या तसे लिहावे, ही विनंती.